नव्या दगडाची पाळी

सावलीची कड अकरा दहाला दगडाला टेकली होती. अकरा बत्तीसला ती तिथेच होती.

जयवंतीने बॅगेतली पाण्याची बाटली काढून बाजूच्या फरशीवर उभी केली आणि तिच्या सावलीच्या टोकाशी पन्नास बैशांचं इथलं नाणं ठेवलं. सोहारच्या एका प्रयोगशाळेत ती पाणी तपासायची. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याआधी ताडून बघायला दुसरं काहीतरी लागायचंच तिला.

सात मिनिटांत बाटलीची सावली नाण्यापासून जवळजवळ सेंटिमीटरभर सरकली. जमिनीत रोवलेल्या लोखंडी कांबीची सावली हलली नाही.

मस्कतपासून दीड-दोन तासांवरच्या निझव्याच्या जुन्या वस्तीत ती दिराला घेऊन आली होती. तटाच्या आत मातीची घरं. काहींत आता कॉफीची दुकानं, बाकीची ढासळलेली. गल्लीतून फलज वाहत होता, म्हणजे आपल्याकडचा पाट. कांबीभोवती अर्धवर्तुळात दगड मांडलेले. सावली ज्या माणसाच्या दगडावर, पाणी त्याच्या बागेत.

"आगरात आमच्याही अशाच पाळ्या होत्या," कौशिक म्हणाला. तो गुहागरहून आला होता. एका हातात हलव्याचा डबा, दुसऱ्यात कोर्टाच्या कागदांची निळी फाइल. "फक्त सावलीऐवजी काका घड्याळ बघायचे, आणि ते दहा मिनिटं पुढे. सगळा गाव शिव्या घालायचा."

ती हसली नाही.

"वहिनी, उद्या माझं विमान आहे. आई विचारणार. पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी कधीही करता येईल, गुरुजींशी बोललोय. इथल्या कोर्टात दादाला मृत जाहीर करायचा अर्ज मात्र तुम्हीच द्यायला हवा. मी काय सांगू तिला?"

"बघू."

"तीन वर्षं बघतोच आहोत."

तटावरून वादी, म्हणजे पावसापुरतीच वाहणारी नदी, दिसत होती, पांढऱ्या गोट्यांची, कोरडी ठाक. तीन वर्षांपूर्वी पुराच्या दिवशी तिच्या नवऱ्याने, धनंजयने, तिथे गाडी घातली होती. पलीकडे पोचलेल्या दोन गाड्या बघून. गाडी चार किलोमीटरवर सापडली, काचा वर, दारं बंद. आत कोणी नव्हतं.

पाण्याच्या पाळ्या बघणारा हमूद कांबीजवळ उकिडवा बसला होता. साठीचा असेल. मस्कतच्या दुकानांत उमेदीची वर्षं गेल्यामुळे हिंदी सफाईने बोलायचा.

"ही सावली थांबली आहे," जयवंती त्याला हिंदीत म्हणाली.

"तुम्हाला दिसलं?" त्याने मान वर केली. "टुरिस्ट लोक फोटो काढून जातात."

"हा दगड बाकीच्यांसारखा नाही."

"बाकीचे माझ्या आजोबांनी लावले. हा पुरानंतर आला. मी दोनदा उचलून वादीत टाकला." त्याने खांदे उडवले. "सकाळी पुन्हा इथेच."

"मग पाणी कुठे जातं?"

हमूदने हनुवटीने समोरच्या घराकडे खूण केली. छप्पर कोसळलेलं, दाराच्या जागी खिंडार. पाटाचा एक फाटा भिंतीखालून आत शिरत होता. "एकदा मी पाणी दिलं नाही. संध्याकाळपर्यंत सावली हलली नाही. पुढच्या सगळ्यांची खजुराची झाडं कोरडी राहिली. तेव्हापासून देतो. पहिल्या वर्षी दहा मिनिटं लागायची. आता पाऊण तास. माझ्या भावाच्या बागेला आता पाणीच उरत नाही."

"कायमचं बंद कसं होईल?"

"माणूस मेला की घरचं कोणीतरी येऊन सांगतं. मग दगड निघतो. आमची रीत आहे." त्याने मशिदीच्या दिशेने पाहिलं, जुम्म्याची वेळ होत आली होती. "याच्या घरचं कोणी आलं नाही."

जयवंती त्या घराकडे गेली, मागोमाग कौशिक. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला मोरी होती, विटांत पाडलेलं भोक. त्यातून पाणी बाहेर येत होतं.

पाण्यावर फेस होता.

तिने बोटावर घेतला. चुरडून पाहिला. साबण. त्यात एक आखूड केस, अर्धा काळा, अर्धा पांढरा.

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. एक तांब्या, दुसरा, तिसरा. मग विराम. मग घसा खाकरणं, दोनदा, दुसरं लांबलेलं.

कौशिकच्या हातातून डबा पडला.

"दादा," तो पुटपुटला.

तिने खिंडारातून आत पाहिलं. चार भिंती, वर आकाश, मातीचा ढीग. मधोमध एक सपाट दगड, ओला. बाकी काही नाही. दगडावर वरून, हवेतूनच, पाणी कोसळलं आणि उडालं.

तीन तांबे. विराम. खाकरणं.

ती मोजत राहिली. सहा वेळा तेच झालं. तेवढाच विराम, तेवढंच खाकरणं. सातव्यांदाही तेच.

आंघोळ संपत नव्हती.

"वहिनी, चला," कौशिक म्हणाला आणि स्वतः हलला नाही. मग एकदम तिचं मनगट धरलं. "नाही. थांबा. फाइल राहू द्या. आईला घेऊन येतो मी. तिला एकदा ऐकू दे. कोणाला काही सांगू नका."

"त्याला थंडी वाजत असेल," जयवंती म्हणाली.

"काय?"

"तीन वर्षं."

आतला आवाज थांबला. विराम नेहमीपेक्षा लांबला.

"जया," आतून कोणीतरी म्हणालं, अगदी घरच्यासारखं, किंचित वैतागून. "टॉवेल दे गं."

तिचं पाऊल पुढे पडलं. तिने ते मागे घेतलं. मनगटावरची कौशिकची बोटं एकेक करून सोडवली.

हमूद त्या फाट्याच्या तोंडाशी, तो बुजवायचा चिंध्यांचा बोळा हातात धरून उभा होता. तो तिच्याकडेच बघत होता.

"जया?"

"हमूदभाई," ती म्हणाली. आवाज स्वच्छ निघाला, आतपर्यंत ऐकू जाईल असा. "ते माझे यजमान. ते वारले. पाणी बंद करा."