मला धरून एकवीस

सिद्धू मला पहिल्यांदा भेटला तो दहिवडीच्या एसटीत, माझ्या घोंगडीच्या वळकटीवर बसलेला. "आवं, ती घोंगडी हाय, बाकडं न्हवं," मी म्हणाले. तो उठला, आणि जागा असूनही दहिवडीपर्यंत उभाच राहिला. पुढे कळले, साताऱ्यात आम्ही एकाच कॉलेजात होतो.

त्र्याहत्तर साली, दुष्काळात, कॉलेजचे श्रमदान शिबिर ठरले ते माणातल्या माझ्याच गावी. बंधाऱ्याचे काम होते. यादी सिद्धूकडे होती. मी नाव द्यायला गेले, तर वाईची विजयमाला त्याच्या वहीवर वाकून म्हणत होती, "काउंट मी इन." तो हसला. ते हसणे मला दिवसभर टोचत राहिले. मी नाव न देताच परतले.

संध्याकाळी ग्रंथालयाच्या पायरीवर त्याला गाठले.

"विजयमाला इंग्रजीत काय म्हनली तुला?"

"मला धरा, म्हनली."

"मग... धरलंस?"

"धरलं की. एकविसावी."

मी वळले. तो मागून आला.

"अगं, मोजताना धरा. आपन न्हाई का म्हनत, मला धरून सात? चाललेल्या कामात मीबी हाय, एवढाच अर्थ."

"मग त्ये मराठीत सांगाय काय झालं हुतं तिला?"

"तू तर मराठीतबी सांगंना, हरणा."

मी तिथूनही नाव न देताच निघाले.

निघायच्या दिवशी मात्र राहवेना. गावचा बंधारा माझा, आणि मी इथे... घोंगडी काखेत घेऊन कॉलेजच्या नळापाशी घुटमळत राहिले. गाडीच्या पायरीवर उभा राहून सिद्धू म्हणाला, "एकवीस."

"आत वीसच हायत की रं," ड्रायव्हर ज्योतिबा म्हणाले.

"एक नळापाशी हाय. रुसलंय."

त्याने वही माझ्याकडे उघडून धरली. पहिल्याच ओळीत माझे नाव होते, आणि त्याखाली वीस नावे.

"न इचारता ल्हिवलंस?"

"तुला धरूनच मोजाय सुरुवात केली. तुजंच गाव हाय न्हवं?" मग हळूच, "आन्... नुसतं गावामुळंच न्हाई."

गाडी हलली. मी धावत पायरी गाठली.

"धर मला."

"वहीत?"

"हातानं, गड्या."

त्याने धरले. मी आत आले, तरी हात सुटला नव्हता. विजयमाला पाहत होती.

म्हणून तर मी तो सोडवून घेतला नाही.