पहिल्या फासापाशी

त्या हिवाळ्यात ससे उदंड झाले होते. मध्ये काही वर्षं ते दिसेनासे होतात, मग हळूहळू वाढत जातात आणि एखाद्या हिवाळ्यात इतके होतात की तळ्यापलीकडची वाळुंजाची झुडपं कंबरेपर्यंत सोलून पांढरी पडतात. लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून माझा नवरा जोसाया घरीच होता. त्यानं खुंटीवरचं पितळी तारेचं भेंडोळं काढलं आणि फासे लावायला सुरुवात केली. मी म्हटलं, बरं झालं. दिवसभर खिडकीतून रस्ता बघत बसणारा नवरा कुणाला हवा असतो?

मी गावच्या दवाखान्यात काम करते. रक्तदाब बघायचा, साखर तपासायची, डॉक्टर इंग्रजीत काय म्हणाला ते म्हाताऱ्यांना आपल्या क्री भाषेत समजवायचं. तापात लोक काय काय बघतात ते मी रोज ऐकते आणि त्यांच्या काखेत थर्मामीटर ठेवते. मला स्वतःला असलं काही कधी दिसलेलं नाही.

जोसाया उजाडता उजाडता निघायचा. स्कीडूवरून, म्हणजे बर्फावरच्या गाडीवरून, गोठलेलं तळं ओलांडायचं, पलीकडच्या काठाला गाडी उभी करायची, बर्फात रुतू नये म्हणून पायांत जाळीचे रुंद जोडे बांधायचे आणि ओढ्याच्या कडेनं फासे बघत जायचं. सशांच्या जाण्यायेण्याच्या वाटा बर्फात दाबून पक्क्या झालेल्या असतात. त्या वाटेवर चार बोटं उंचीवर तारेचा फास टांगायचा, दोन्ही अंगांना डहाळ्या खोचून कुंपण करायचं. ससा आपली वाट सोडत नाही. संध्याकाळी जोसाया पोतं घेऊन यायचा. पांढरेशुभ्र ससे, कानांची टोकं तेवढी काळी, गोठून लाकडासारखे झालेले. ते मऊ पडले की मी सोलायचे आणि पिठाचे गोळे सोडून रस्सा करायचे. तो म्हणायचा, "मीठ?" मी म्हणायचे, "पुढ्यातच आहे." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं बोलणं पुष्कळ झालं, असं मी धरून चालले होते.

पहिल्यांदा लक्षात आली ती दाढी. एका सकाळी तो आरशासमोर उभा राहून गुळगुळीत दाढी करत होता.

"रानात जायला दाढी?" मी विचारलं. "सशिणी बघायला येणार आहेत का तुला?"

"खाजते," तो म्हणाला.

आमच्याकडच्या थंडीत उघडा गाल म्हणजे बर्फाला आमंत्रण. दाढी वाढवतात ती हिवाळ्यात, काढतात ती उन्हाळ्यात. त्या दिवशी दवाखान्यात एका बाईचा रक्तदाब मला दोनदा घ्यावा लागला. पहिल्यांदा घेतलेला आकडा डोक्यातच राहिला नाही.

मग इतर गोष्टी दिसायला लागल्या. त्याच्या पिशवीत पत्र्याचे दोन पेले असायचे. ससे सोलूनच यायला लागले, आणि तेही मोजा काढावा तसं अख्खं कातडं उतरवलेले. जोसायाला ते कधीच जमलं नाही. तो धसमुसळेपणानं फाडतो. त्याच्या कोटाला ताज्या डहाळ्यांचा वास यायचा, जमिनीवर अंथरून वर बसल्यावर येतो तसा. आणि तो गुणगुणायचा. भांडी घासताना माझ्या कानावर ते पडायचं आणि माझ्या हातातली बशी मोरीत आपटायची.

एके दिवशी तो नवे हातमोजे घालून आला. सशाच्या कातड्याच्या पट्ट्या पिळून विणलेले. आता असं कुणी विणत नाही, जुन्या बायका विणायच्या. विणीतून बोट आरपार जातं, तरी ऊब जात नाही.

"कुणी दिले?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघून हसला. "काय गं, थट्टा करतेस?" म्हणाला आणि स्कीडूचं तेल बघायला बाहेर गेला.

माझी खात्रीच पटली. आमच्या गावात नवरा वारलेली, विणकामात हात बसलेली आणि दुसऱ्याच्या नवऱ्याशी हसून बोलणारी बाई एकच होती, व्हायोला. दुकानात ती जोसायाला "काय रे, गिरणीवाल्या" अशी हाक मारायची. ती रानात त्याच्या शेजारी डहाळ्यांवर बसली आहे, त्याच्या पेल्यात चहा ओतते आहे, हे मला इतकं स्पष्ट दिसायला लागलं की रात्री शेजारी घोरणाऱ्या जोसायाच्या तोंडावर उशी मारावीशी वाटायची.

एका दुपारी मी हातमोजा खिशात घालून तिच्या घरी गेले. व्हायोला पलंगावर पडली होती. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.

"दारातच घसरले गं," ती म्हणाली. "सगळी शरद ऋतूची मासेमारी बुडाली. चिबुगामोच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं मला, तू रजेवर होतीस तेव्हा. बैस ना. मेलं कुणी येत नाही की जात नाही."

पहिल्या बर्फाच्या आधीपासून ती अशी पडून होती. मला हायसं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं, कारण तिरस्कार करायला हाताशी आता कुणीच उरलं नाही. मी हातमोजा काढून तिला दाखवला.

तिनं तो उजेडात धरला. "मला नाही येत हे. माझ्या आजीला यायचं. कुणी केलाय?"

"तेच विचारायला आले."

जोसायाची करंगळी गिरणीत गेली आहे. व्हायोलानं त्या बाजूच्या विणीवरून बोट फिरवलं. "बघ, इथे घेर आत घेतलाय. मापानं नाही जमत असं. त्याचा हात हातात धरून विणलंय हे." मग माझं तोंड बघून तिनं हातमोजा पटकन परत दिला. "चहा टाकतेस? मला उठता येत नाही."

मी चहा टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी जोसायाला सांगितलं की दवाखान्यात जाते, आणि दवाखान्यात सांगितलं की अंगात कणकण आहे. भावाची स्कीडू घेतली आणि जोसायाच्या मागावर तळं ओलांडलं. वारा नव्हता. आदल्या रात्री थोडा भुरभुरून पडलेला बर्फ अजून मोडलेला नव्हता, कुणाचं पाऊल पडलं तर लगेच दिसावं असा. पलीकडच्या काठाला त्याची गाडी होती. तिच्यापासून निघालेले माग एकाचेच होते, मोठ्या जोड्यांचे, जोसायाचे. मला जवळजवळ हसू आलं.

पहिल्या फासापाशी माग दोघांचे झाले.

मी थांबले. दुसरे माग अरुंद जोड्यांचे, बाईचे. ते ओढ्याकडून आले नव्हते, झाडीतून आले नव्हते, तळ्यावरून आले नव्हते. तीन बाजूंना कोरा बर्फ होता. फासाच्या कुंपणाशेजारून ते सुरू होत होते आणि जोसायाच्या मागांना लागून पुढे जात होते. मी स्वतःला समजावलं, तो तिला पाठीवर घेऊन आला असेल. मग त्या कल्पनेचाच संताप आला. मी माझा जोडा त्या ठशात ठेवून बघितला. बरोबर बसला. असू दे, म्हटलं, गावात निम्म्या बायका एकाच मापाच्या.

फाशांपाशी दोघं थांबले होते, गुडघ्यांचे खळगे जवळजवळ होते. एका ठिकाणी ती बर्फात पडली होती, किंवा त्यानं पाडली होती. तिथे दोघांच्या अंगांचा खळगा होता.

ओढ्याच्या वळणावर मला धूर दिसला आणि हसू ऐकू आलं. कापडाचा आडोसा होता. आतून जोसाया बोलत होता. त्याच्या बापाला अस्वलानं झाडावर बसवून ठेवलं होतं, ती गोष्ट. लग्नाआधी त्यानं ती मला नावेत सांगितली होती आणि मी इतकी हसले होते की वल्हं हातातून सुटलं होतं. त्यानंतर ती त्यानं कधी काढली नव्हती. आता तो ती सांगत होता आणि ती बाई हसत होती, पोट धरून, मध्येच श्वास अडकत.

मी धावले. जाळीच्या जोड्यांनी धावता येत नाही, पण मी धावले आणि कापड बाजूला सारलं.

आत जोसाया एकटाच होता. विस्तवाशेजारी दोन पेले. दुसऱ्यातून वाफ येत होती.

त्यानं मान वर केली. दचकला नाही, घाबरला नाही. "आलीस?" म्हणाला. "आणि लाकडं कुठायत?"

"कोण होती?"

"कोण?"

"जिच्याशी खिदळत होतास ती! आता, या क्षणी! कुठे गेली?"

तो हसायला लागला. मग माझा चेहरा बघून थांबला. "हॅरिएट, बरं नाही का तुला? तूच तर होतीस. लाकडं आणते म्हणून आत्ता उठलीस."

मी आडोशाच्या मागे गेले. तिथे एक माग स्प्रूसच्या झाडापर्यंत गेला होता. डावा पाय किंचित ओढलेला, लहानपणी मोडलेला पाय थंडीत दुखला की मी ओढते तसा. झाडाखाली तो संपला होता. फांद्यांवरचा बर्फ हललेला नव्हता.

परत येऊन मी त्याच्यासमोर बसले. तो खरंच सांगत होता, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. इतक्या वर्षांत त्याला एकही खोटं नीट बोलता आलेलं नाही.

"रोज येते मी?"

"पहिल्या बर्फापासून. पहिल्या फासापाशी उभी असतेस. मला वाटलं, तिथून पुढे चालायला आवडतं तुला." तो पेला हातात फिरवत राहिला. "घरी तू त्यातलं काही काढत नाहीस. मला वाटलं, घरी दमलेली असतेस. इथलं इथे, तिथलं तिथे."

"काय बोलते मी?"

"काहीही. मला विचारतेस, गिरणी बंद पडली तेव्हा काय वाटलं. हातमोजे विणलेस." तो लाजला. पन्नाशीचा माणूस लाजला. "हसतेस."

माझ्या छातीत जे झालं ते भीतीनं झालं नाही. व्हायोला असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. तिच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही, असं ओरडून विचारता आलं असतं.

"आणि कोणती बरी?" मी विचारलं. "इथली का तिथली?"

त्यानं विस्तवात लाकूड सरकवलं.

मी तिथल्या तिथे सगळे फासे काढले. तारा गुंडाळल्या, कुंपणं लाथेनं मोडली, आडोसा पाडला. तो मागून चालत होता. अडवलं असतं तर बरं वाटलं असतं. पहिल्या फासापाशी मात्र तो थांबला आणि वळून बराच वेळ ओढ्याकडे बघत राहिला. घरी आल्यावर मी हातमोजे चुलीत घातले. केस जळल्याचा वास दोन दिवस गेला नाही.

मग मी प्रयत्न केला. संध्याकाळी त्याच्या शेजारी बसायचे. गिरणीचं विचारलं, तर म्हणाला, "सांगितलं की तुला." अस्वलाची गोष्ट सांग म्हटलं. त्यानं सांगितली, पडल्या आवाजात. मी हसले. तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं एखादं ओळखीचं गाणं कुणी बेसूर म्हणतंय आणि सभ्यपणामुळे थांबवता येत नाही.

एकदा जेवता जेवता तो खिडकीकडे बघून म्हणाला, "तिला थंडी वाजत असेल."

"कुणाला?"

"तुला," तो म्हणाला. "तुला म्हटलं."

त्यानंतर मी दवाखान्यातून दुपारीच घरी यायला लागले. त्याला एकटं सोडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. त्याचे जाळीचे जोडे दडवले, स्कीडूची किल्ली गळ्यात बांधली. तो कुठेही गेला नाही. जायचं नावही काढलं नाही. आणि एका दुपारी तो पुन्हा गुणगुणायला लागला.

त्याच संध्याकाळची गोष्ट. दिवा लागला होता. मी लाकडं आणायला घरामागे गेले, एवढंच. ढिगावरचा बर्फ झटकला, पाच-सहा ओंडके हातावर रचले.

"हॅरिएट," आतून त्याची हाक आली. "चहा घेतेस ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"ओत की," आतूनच उत्तर आलं. "आणि साखर घाल आज, चिकटपणा नको करूस."

आवाज माझा होता. मग हसू. त्याचं, आणि मध्येच श्वास अडकणारं ते दुसरं.

मी लाकडं खाली ठेवली. एकेक, आवाज न करता. त्यांना व्यत्यय नको म्हणून मी असं केलं, हे मागाहून माझ्या लक्षात आलं.

मी खिडकीशी गेले.

जोसायाचं तोंड माझ्याकडे होतं. तो समोर कुणालातरी पेला देत होता. खिडकीकडे पाठ केलेलं एक डोकं, मध्ये भांग, भांगाजवळ पिकलेली एक बट, माझी आहे तशीच. त्याचा चेहरा मी नावेत बघितला होता तसा होता.

मी काचेवर बोटं टेकवली.

त्यानं वर पाहिलं. थेट माझ्याकडे. मी हात हलवला.

"कोण आहे बाहेर?" माझ्या आवाजानं विचारलं.

तो उठून खिडकीशी आला. इतका जवळ, की त्याच्या श्वासानं काच धुरकटली. त्यानं तळव्यानं ती पुसली, डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"कुणी नाही," तो म्हणाला, आणि पडदा ओढून घेतला.