बघशील तिकडे जाशील

"सरका, सरका, अहो सरका!" असं मी खणखणीत सांगलीच्या आवाजात ओरडले तेव्हा मी स्कॉटलंडमध्ये होते, केर्नगॉर्मच्या बर्फाळ उतारावर, आणि माझे पाय माझं ऐकत नव्हते. पायांना बांधलेल्या स्की मला थेट एका नारिंगी जॅकेटकडे घेऊन निघाल्या होत्या. जॅकेटमधल्या माणसानं वळून पाहिलं, दोन्ही हात पसरले... आणि दुसऱ्या क्षणी आम्ही दोघं बर्फात आडवे.

माझी टोपी उडून त्याच्या तोंडावर पडली होती. ती बाजूला करत तो म्हणाला, "सरकलो असतो. पण कुठल्या बाजूला, ते तू सांगितलं नाही."

मराठीत! भुवयांवर बर्फ, नाकावर बर्फ, आणि चक्क मराठीत. मी माफी मागायचीसुद्धा विसरले.

त्याचं नाव साकेत. आईवडील मूळचे नाशिकचे डॉक्टर, हा मात्र लंडनमधल्या ईलिंगमध्ये जन्मला, तिथंच वाढला, आणि आता इंजिनिअर म्हणून नोकरीला कुठं, तर बर्मिंगहॅमला. म्हणजे माझ्याच गावात. मी तिथल्या एका हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर. कदाचित आम्ही रोज एकाच बसनं जात असू, आणि ओळख व्हायला एवढ्या वर येऊन पडावं लागलं. मला या सहलीला ओढून आणणारी माझी रूममेट अन्वी हे सगळं बघत होती. ती गालातल्या गालात हसली आणि कॉफी प्यायला निघून गेली.

त्या दुपारी साकेतनं मला शिकवायला घेतलं. म्हणाला, नियम एकच. ज्याच्यावर आपटायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. जिकडे बघशील तिकडे जाशील.

मी खालच्या निळ्या झेंड्याकडे बघायचं ठरवलं, निघाले, आणि पुन्हा त्याच्यावरच जाऊन आदळले.

"झेंडा तिकडे आहे, वरदा."

"तुझं जॅकेट फार भडक आहे."

"ओके. उद्या ग्रे घालतो."

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच करडं जॅकेट घालून आला. मी तरीही आदळले. यावेळी तो नुसता हसला... आणि त्या कडाक्याच्या थंडीत माझे कान गरम झाले.

मग वसंत आला आणि स्कीच्या जागी सायकली आल्या. दर रविवारी आम्ही कुठला ना कुठला डोंगर गाठायचो, बहुतेकदा वेल्समधला. साकेत चढावर पुढे निघून जायचा आणि माथ्यावर थांबायचा. त्याच्या आईनं पाठवलेले दाण्याचे लाडू त्याच्या खिशात असत, पण मी पोचेपर्यंत त्यानं एकही कधी तोंडात टाकला नाही. मी धापा टाकत, लालबुंद होऊन पोचायचे. तो माझ्या तळव्यावर लाडू ठेवायचा, आणि त्याची बोटं तिथं गरजेपेक्षा जराशी जास्तच रेंगाळायची.

"उशीर झाला तुला."

"देखावा बघत होते."

"एवढ्या धुक्यात?"

"धुकंच बघत होते."

मला तो आवडायला लागला होता. छे, आवडायला कसला लागला होता... मी पार वेडी झाले होते.

आणि नेमकी तेव्हाच ऑस्ट्रेलियातून, ब्रिस्बेनच्या हॉस्पिटलमधून मला नोकरीसाठी होकार आला. अर्ज साकेत भेटायच्या आधीचा. बर्मिंगहॅमचे लोक मला पुढेही ठेवून घ्यायला तयार होते, पण ब्रिस्बेनची जागा मोठी होती आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी साकेतला सांगितलं. त्यानं चहा ढवळला, बराच वेळ ढवळला, आणि म्हणाला, "ब्रिलियंट. काँग्रॅच्युलेशन्स. तुझा डिसिजन आहे, मी कसं काय इन्फ्लुएन्स करणार?"

असा राग आला मला! हा माणूस बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो, कुणी याच्या पायावर पाय दिला तर हाच सॉरी म्हणतो. पण जिथं हक्कानं बोलायचं, तिथं याची सभ्यता आड येते. मला दोनच शब्द हवे होते... जाऊ नकोस. आणि ते मी मागून घेणार नव्हते. रविवारी संध्याकाळपर्यंत तो बोलला नाही तर ब्रिस्बेनला हो कळवणार, असं मी अन्वीला सांगून टाकलं. तिनं कपाळावर हात मारला.

रविवारी आम्ही वेल्समधली लॅनबेरिसची खिंड चढलो. माथ्यावर त्यानं नेहमीसारखा लाडू दिला, हवेबद्दल बोलला, ढगांबद्दल बोलला. मी लाडू कसाबसा गिळला आणि त्याची वाट न बघता एकटीच उतारावर सायकल सोडली.

आणि काय तो उतार! कानात वारा, ओल्या गवताचा वास, खाली दरीत चकाकणारं तळं. प्रत्येक वळणावर मी जिथं जायचं तिथंच बघत होते, आणि सायकल अगदी मुकाट्यानं तिकडेच वळत होती. तिसऱ्या वळणापर्यंत राग कुठल्या कुठे उडाला. हे त्याला सांगायला हवं, असं वाटून मी रस्त्याकडेच्या गवतावर थांबले. पहिल्यांदाच मी पुढे होते आणि त्याची वाट बघत होते.

तो वळणावरून आला. त्याचे डोळे रस्त्यावर नव्हते. ते माझ्यावर होते, आणि आता काय होणार हे मला लांबूनच कळलं.

"वरदा, सरक!"

"कुठल्या बाजूला?"

उत्तराला वेळच मिळाला नाही. त्याचं चाक मऊ गवतात रुतलं, आणि तो, मी, दोन्ही सायकली, सगळे एकमेकांत अडकून आडवे झालो. एका मेंढीनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली.

"लागलं तुला?" त्यानं घाबरून विचारलं.

"नाही. तू रस्त्याकडे बघत नव्हतास."

"नाही."

"नियम तुझाच आहे, साकेत."

"माहितीये." त्यानं हेल्मेट काढलं. केसांत गवत होतं. "मी चेक केलं... ब्रिस्बेनला स्नो पडत नाही."

"बरं. मग?"

"मला वाटलं, मी काही बोललो तर ते सेल्फिश होईल. एवढा मोठा नोकरी आहे तुझा..."

"एकदा हो सेल्फिश."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ.

"जाऊ नकोस," तो म्हणाला, आणि मग धरण फुटल्यासारखं एका दमात सगळंच आलं. "आणि जायचंच असेल तर मी पण येतो, मला चालेल, पण प्लीज जाऊ नकोस. आय लव्ह यू. तुझी टोपी माझ्या तोंडावर पडली ना, तेव्हापासून."

मला हसूही येत होतं आणि रडूही. मी त्याच्या केसांतलं गवत काढायला लागले, ते काही लवकर संपेना. उद्या ब्रिस्बेनला नकार कळवते, असं मी म्हटलं तेव्हा त्यानं माझा हात धरला आणि आपल्या गालावर घट्ट दाबून धरला.

"सरक ना जरा," तो थोड्या वेळानं पुटपुटला. "माझा पाय अडकलाय, तुझ्या सायकलखाली."

मी सायकल उचलून बाजूला ठेवली. मी मात्र सरकले नाही.