पिंगळ्यानं पाहिलेली कुंदा

नागपूरच्या दृष्टिविज्ञान प्रयोगशाळेत नेत्रबिंबवाचक हे यंत्र सकाळपासून चालू होतं. त्याच्यापुढे नऊ हजार फोटो होते, सगळे कुंदा बोरकुटे यांनी काढलेले. परसातली मुंगसं, जांभळावरचे पिंगळे, प्रवासात भेटलेली अस्वलं, गवे, एक बिबट्या. कुंदाताईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. फोटो घेऊन आले होते त्यांचे यजमान, विलासराव.

“तिचे फोटो आहेत जी माझ्याकडे,” ते म्हणाले. “लग्नातले, आधार कार्डावरचा. सगळ्यांत फोटोसाठी बसलेली. माझ्यासोबत असायची तशी एकातही नाही. आणि हल्ली डोळे मिटले की चेहरा नीट येत नाही. म्हणून आलो.”

डॉ. अनघा मेश्राम यांनी समजावलं, “काका, डोळा म्हणजे छोटा फुगीर आरसा. जनावरानं कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं, की समोरची माणसं त्यात उमटतात, पण ठिपक्याएवढी. एका दमात काढलेले वीस-तीस फोटो एकावर एक बसवून यंत्र त्या ठिपक्याचं चित्र करतं. पदरचं काही भरत नाही.”

“म्हणजे पिंगळ्याला दिसली तशी मला दिसणार!”

अनघाचा सहकारी इरफान मध्येच म्हणाला, “मॅडम, फोटो काढणाऱ्याचं तोंड कॅमेऱ्यामागे असतं. डोळ्यात उमटेल तो कॅमेरा आणि दोन हात.”

विलासरावांना शब्द देताना अनघाच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

“हात तर हात,” विलासराव म्हणाले. “हातही ओळखतो मी तिचे. जंगलात बांगड्या काढून ठेवायची, आवाज होतो म्हणून.”

बहुतेक फोटोंत जनावरं चरत होती किंवा भलतीकडे बघत होती. यंत्राने ते बाजूला टाकले. उरले फक्त चौदा प्रसंग.

पहिला पिंगळा. पडद्यावर चित्र हळूहळू स्पष्ट झालं. कॅमेरा दिसला, त्याच्या बटणावर एक हात दिसला. पण चेहरा कॅमेऱ्यामागे नव्हता. तो बाजूला वळलेला होता, अख्खा. भुवया चढलेल्या, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. शेजारी विलासराव, तोंड उघडं.

दुसऱ्या चित्रात अस्वलाच्या डोळ्यात तेच. गव्याच्या डोळ्यातही तेच.

“प्रत्येक वेळी तुमच्याकडेच कशा बघताहेत या?” इरफान चक्रावला.

अनघाला हसू फुटलं. “काका, तुम्ही बोलत होता?”

“अस्वल दिसल्यावर कोण गप्प बसते जी? ‘कुंदा, बघ बघ’, एवढंच म्हणायचो.”

“तुमचा आवाज ऐकून जनावर वळायचं, आणि तुम्हाला दटावायला काकूही वळायच्या. बटण मात्र दाबलेलंच राहायचं. आमच्या यंत्राला चालतात ते फोटो नेमके तेवढेच.”

विलासराव पडद्यावरून नजर हटवत नव्हते.

“म्हणजे चौदाच्या चौदा चित्रांत रागावलेल्याच निघणार,” इरफान हळूच म्हणाला. “काका, भुवया थोड्या सैल करून देऊ? पाच मिनिटांचं काम आहे.”

“हात लावू नका,” विलासराव म्हणाले. “अशीच होती.”

चौथं चित्र मुंगसाच्या डोळ्यातलं होतं. कुंदाताईंचं बोट ओठांवर आलं. विलासरावांनी खुर्ची पुढे ओढली आणि या वेळी ते काहीच बोलले नाहीत.