थांबवून ठेवलेला खेळ

वेदिका बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आठवा सरत आला होता, आणि तिच्यासाठी रिकामी करायची खोली अजून खेळण्यांनी भरलेली होती. खेळणी पोराटोरांची नव्हेत, तिच्या बापाची. महादेवराव कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि जुने इलेक्ट्रॉनिक गेम जमवायचं वेड घेऊन बसले. टीव्हीला जोडायचे डबे, पिवळ्या पडलेल्या कॅसेटी, हातात धरून खेळायचे चपटे गेम. शेजारणींच्या गच्चीवर पापड वाळत, त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाबाईच्या गच्चीवर गेमची धुतलेली बटनं. रोज तोंड वाजवून वाजवून बाई थकली. नवरा काही ढिम्म हलला नाही.

त्यातला एक गेम नरखेडकडच्या जिजाबाईनं दिलेला. पैसे घेतले नाहीत, अट घातली: हा कधी विझू द्यायचा नाही. तीस वर्षांपूर्वी तिचं पोर खेळता खेळता तापानं फणफणलं. खेळ थांबवायचं बटन दाबून म्हणालं, उठलो की खेळतो. उठलंच नाही. तेव्हापासून त्या माऊलीनं गेम विझू दिला नव्हता. सेल बदलायचे झाले की आधी दुसऱ्या सेलांचा करंट दोन तारांनी लावून धरायची. आता नजर गेली, म्हणून महादेवरावांच्या हवाली केला. पडद्यावर खाली टोपलीवाला माणूस, वर अधांतरी एक चेंडू. दोन चेंडू आधीच चुकलेले; हा तिसरा चुकला की खेळ खलास. महादेवराव हे जेवताना रंगवून रंगवून सांगत. मेलेल्या पोराचा खेळ गर्भारशीच्या घरात काहून आणला, असं मनकर्णाबाई विचारी. त्यावर ते वरण मागत.

मे महिन्यातली दुपार होती. महादेवराव जुन्या बाजारात, आणखी एक डबा आणायला गेलेले. वेदिकाचं डोकं दुखू लागलं, म्हणून मनकर्णाबाईनं मनगटाला बांधायचं बीपीचं मशीन काढलं, तर त्याचे सेल संपलेले. अशा वेळी घरातली बाई काय करते? दिसेल त्या वस्तूचे सेल काढते. नवऱ्याच्या नावानं पुटपुटत ती खोलीत गेली आणि हाताला लागला त्या गेमचे दोन बारीक सेल काढून आणले. कोणता, ते पाहिलंही नाही.

बीपी बरोबर निघालं. तेवढ्यात लाईन गेली. कूलर घरघरत थांबला, ओल्या वाळ्याचा वास खोलीत जड झाला. बाहेर उन्हानं कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"आई..." वेदिका पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "हा हालून नाही राहिला वं."

मनकर्णाबाईनं तिला डाव्या कुशीवर निजवलं, साखरेचं पाणी पाजलं. पोट दगडासारखं गप्प. डॉक्टरीणबाईला फोन लावला; ती म्हणाली, ताबडतोब घेऊन या. शेजारच्या प्रीतमला ऑटोसाठी पिटाळलं.

आणि त्या शांततेत आतल्या खोलीतून आवाज आला. टिक... टिक...

आत जाऊन पाहते तो जिजाबाईचा गेम. मागचं झाकण उघडं, सेलाची जागा रिकामी, आणि पडदा जिवंत. तीस वर्षं अधांतरी असलेला चेंडू एकेक घर खाली उतरत होता.

"आता याले बादलीतच बुडवतो," म्हणून तिनं गेम उचलला. उचलताना अंगठा बटनावर पडला. टोपली सरकली. चेंडू झेलला गेला.

"आई, हालला वं!" बाहेरून वेदिका ओरडली.

मनकर्णाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. वरून दुसरा चेंडू निघाला होता. झेलला, वेदिका पुन्हा म्हणाली, हालला. थांबवायचं बटन दाबून पाहिलं, खेळ थांबेना. उलट चेंडू भराभर यायला लागले.

रोज ज्या डबड्यांना शिव्या घातल्या, त्यातलं एक छातीशी धरून ती बाई ऑटोत बसली. पोरीकडे बघायची सोय नव्हती. खड्डे, सिग्नल, घाम डोळ्यांत उतरलेला... नजर पडद्यावर, अंगठे बटनांवर. प्रीतमला वाटलं, हिला वेड लागलं. दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर दिवेलागणीपर्यंत ती तशीच झेलत राहिली. आत बाळ रडलं, आणि तिच्या हातातला पडदा विझला.

पोरगा झाला. धडधाकट.

बाराव्या दिवशी मनकर्णाबाईनं नवऱ्याला बजावलं, तो गेम परत देऊन या, नाहीतर मी घर सोडतो. महादेवराव निमूट नरखेडला गेले. सेल नवे घातले होते, बोलायचं काय तेही ठरवलं होतं. जिजाबाईनं गेम कानाशी धरला, कितीतरी वेळ. मग म्हणाली, "हा रिकामा हाय गा. माह्या पोराले कुठी ठेवलं तुमी?"

हे त्यांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा मनकर्णाबाई पाळण्यापाशी बसली होती. बाळ झोपलं होतं. मुठी मिटलेल्या, फक्त दोन अंगठे हलत होते... डावा, उजवा, उजवा, डावा. झोपेत रोजच हलतात. मधूनच थांबतात. थांबले की मनकर्णाबाई त्याच्या नाकापाशी बोट धरते, आणि अंगठे पुन्हा हलेपर्यंत काढत नाही.