फ्लोट ओवायचे राहिले

दुकानात आधी पतंग शिरला, मग माणूस.

म्हणजे, एक भलंमोठं ओलं पिवळं गाठोडं दाराला धडकलं आणि त्याच्या मागून आवाज आला, "माफ करा हं... इथेच शिवून मिळतं ना?"

मी शिलाई मशीनवरून मान वर केली. आत्याचं हे दुकान समुद्राला लागूनच आहे. वाऱ्यावर खेळणाऱ्यांचे पतंग आम्ही दुरुस्त करतो. खोलीएवढे पतंग असतात ते, माणसाला फळीवर उभं करून पाण्यावरून ओढत नेतात. गिऱ्हाइकं बहुतेक ऐटबाज. हा मात्र भुवयांवर मैदा घेऊन आला होता.

"बेकरी आहे माझी," माझी नजर ओळखून तो म्हणाला. "पहाटेपासून काम, दुपारी मोकळा. म्हणून हे खूळ."

त्याने पतंगाची दांडी टेबलावर ठेवली. ही दांडी दोन्ही हातांत धरून पतंग वळवतात. तिच्या दोन्ही टोकांना, दोऱ्यांमध्ये ओवलेले, नारिंगी फोमचे लांबट फ्लोट असतात.

"आणि ही केळी तेवढी काढून टाका ना. सारखी कोपराला लागतात."

माझं डोकं सटकलं. तसं ते फार मेहनत न घेता सटकतं.

"कोपर प्यारं आहे की जीव?"

"दोन्ही... शक्य असेल तर."

"मग ऐका. वारा पडला की पतंग पाण्यात पडतो. दांडी हातातून सुटते. फ्लोट असले की तिची टोकं तरंगतात, दोऱ्या वर राहतात, दांडी लांबूनही दिसते. फ्लोट नसले तर सगळं खाली जातं आणि दोऱ्या तुमच्या पायांभोवती गुंडाळतात. तेवढ्यात वारा परत आला आणि पतंग उठला, तर—"

"तर?"

"तर तो ओढतो, आणि दोरी पाय सोडत नाही. फ्लोट नसतील तर पाण्यात पाऊलसुद्धा टाकायचं नाही!"

त्याने दांडी माझ्याकडे सरकवली. मग हळूच म्हणाला, "केळी राहू द्या."

त्यानंतर त्याचं सामान वरचेवर बिघडू लागलं. कधी पट्ट्याची शिवण, कधी पिशवीची चेन. येताना गरम पाव असायचाच. तो आला की दुकानातला गोंदाचा वास कुठल्या कुठे पळायचा.

"याचं सामान फाटतं की हा फाडतो गं?" आत्या विचारायची.

"मला काय माहीत!"

"तुला नाही माहीत, तर कान का लाल झाले?"

आत्याला उत्तर देण्यात अर्थ नसतो.

त्या दुपारी आत्या बँकेत गेली होती. मी त्याच्या दांडीच्या टोकांच्या झिजलेल्या दोऱ्या बदलत होते. या कामात एकच गोष्ट सांभाळायची असते. आधी फ्लोट ओवायचा, मग गाठ मारायची. गाठ बसली की फ्लोट आत जात नाही. आत्याने हे मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

तो टेबलाला टेकून उभा होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "संध्याकाळी... किनाऱ्यावर याल? पतंगाचं काही नाही. सहज. म्हणजे, अगदी सहज नाही..."

माझे हात गाठी मारत राहिले. छाती अशी धडधडत होती की त्याला ऐकू जाईल असं वाटलं. आणि तोंडातून काय निघावं?

"काम आहे."

"बरं," तो म्हणाला. मी दांडी गुंडाळून त्याच्या पतंगाच्या पिशवीत घातली. त्याने ती उचलली, हसायचा प्रयत्न केला आणि गेला.

मग मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. कसलं काम? कुणाचं काम? रागारागाने टेबल आवरायला घेतलं, कापडाचे तुकडे उचलले... आणि खाली दोन्ही नारिंगी फ्लोट!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दाराकडे पाहिलं. एरवी सतत फडफडणारा पडदा सरळ लटकत होता. वारा पडला होता.

दुकान उघडं टाकून मी धावले. फ्लोट हातात तसेच. किनाऱ्यावर पोचले तर लांब, खूप लांब, पाण्यावर एक पिवळा पतंग आडवा पडलेला. माणूस दिसत नव्हता. माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं होतं 'काम आहे'. एवढंच घेऊन जन्मभर जगायचं?

"होडी काढा!" मी गुडघाभर पाण्यात शिरून ओरडले. "कुणीतरी होडी काढा हो!"

"अहो... तो पतंग शिकवणारा मास्तर आहे, त्याचाही पतंग पिवळाच. तो बघा, आरामात पोहतोय."

आवाज मागून आला होता.

मी वळले. तो वाळूवर उभा होता, कोरडा ठणठणीत. खांद्यावर पिशवी, पतंग अजून तिच्यातच.

"तुम्ही... गेला नाहीत?"

"दांडी काढली तर फ्लोट नव्हते. तुम्हीच तर सांगितलंत, पाण्यात पाऊलसुद्धा टाकायचं नाही."

"मग दुकानात यायचं ना परत!"

"मला वाटलं..." तो चाचरला. "वाटलं, तुम्ही मुद्दाम काढून ठेवलेत. तोंडाने 'काम आहे' म्हणालात, पण मी इथे थांबावं म्हणून... मग थांबलो."

"मुद्दाम?" मी फ्लोट त्याच्या अंगावर फेकले. एक लागला, एक चुकला. "विसरले मी! तू असं काहीतरी विचारतोस आणि मग माझ्याकडून गाठी नीट बसतील होय? अरे, मला वाटलं तू बुडालास! मला वाटलं आता सांगायचं राहूनच गेलं—"

"काय सांगायचं?"

"की तू मला आवडतोस, मूर्खा! केव्हापासून!"

किनाऱ्यावरची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. बघू देत. माझा जीव भांड्यात पडला होता. मी पाण्यातच मटकन बसले. तो बूट-कपड्यांसकट आत आला आणि माझ्याशेजारी बसला. त्याने माझा हात धरला. त्याचा हात माझ्याहून जास्त थरथरत होता.

"तुला काय झालं?" मी नाक पुसत विचारलं. "तू तर किनाऱ्यावर सुखरूप होतास."

"सुखरूप कसला," तो म्हणाला. "तू येणारच नाहीस असं वाटत होतं."

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.