सूनबाईसाठी, ते ढोलाचं

बागेला पाणी देऊन झालं की पाइपाचा वॉल बंद करून यायचं, एवढंच तर काम. पण निफाडकडच्या उसाच्या कडेनं दिवेलागणीला एकट्या बाईनं चालणं म्हणजे खायचं काम नाही हो. बिबट्या कुठं दबा धरून बसला असेल, सांगता येत नाही.

वाल्मीकतात्या होते तोवर उज्वलाला ही भीती नव्हती. तिचे सासरे म्हणजे अजब वल्ली! द्राक्षबागेत पाखरं हाकायला टांगलेल्या रेडिओवर त्यांना हवी असायची सत्तरच्या दशकातली इंग्रजी रॉक गाणी. अक्षर कळायचं नाही, पण ढोल सुरू झाला की मान डोलायची. "म्हाताऱ्याला चळ लागलाय," म्हणून गाव हसायचं. हसेना का! नाशिकच्या रेडिओवर दर रविवारी संध्याकाळी त्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, आणि त्याच्या श्रोत्यांचा नियम मोठा गोड होता. स्वतःसाठी गाणं मागायचं नाही, दुसऱ्यासाठी मागायचं. पंचवटीच्या मालिनीताई तात्यांसाठी मागायच्या. तात्या फोनवर आधी दोनदा खोकायचे, मग निवेदकाला म्हणायचे, "मयुरेशभाऊ, सूनबाईसाठी. ते ढोलाचं."

आणि इकडे उज्वलाला सांगायचे, "तू बिनघोर जा पोरी. म्या आवाज मोठा करतो. बिबट्या ढोलाला लय भितो."

दिवाळीच्या आधी तात्या गेले. रेडिओ तिथंच टांगलेला राहिला. उज्वलानं त्याचे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले. तो मुका रेडिओ तिला बघवत नव्हता, आणि काढून ठेवायला हातही धजत नव्हता.

त्या बुधवारी तिचा नवरा संतोष मार्केटला अडकला. ती एकटीच निघाली. वॉल बंद केला, मागं वळली... आणि रातकिडे एकदम गप्प झाले. वारा नव्हता, तरी उसाची पानं सळसळली. उग्र वास नाकात शिरला. पाय जागीच खिळले. तात्यांच्या आठवणीनं तिला रडूच फुटलं.

"तात्या..."

बागेतून खोकल्याचा आवाज आला. दोनदा. मग ढोल! असा दणदणीत, की तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. उसात जे काय होतं ते पानं तुडवत लांब पळालं. ती घराच्या पायरीला लागेपर्यंत ढोल वाजत राहिला.

सकाळी संतोषला घेऊन ती बागेत गेली. पायवाटेवर बिबट्याचे ठसे होते. रेडिओत सेलच्या जागी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. आवाजाचं बटण मात्र शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.

"वाऱ्यानं फिरलं आसंल," संतोष म्हणाला. पण त्यानं बटणाला हात लावला नाही.

रविवारी उज्वलानं जन्मात पहिल्यांदा रेडिओवर फोन लावला.

"मला आमच्या तात्यांसाठी गाणं मागायचंय. निफाडचे वाल्मीकतात्या. ते ढोलाचं..."

पलीकडून मयुरेशनं तिला मध्येच थांबवलं.

"ताई... तेच गाणं आत्ता दुसऱ्या लाइनीवर कुणीतरी मागतंय. नाव सांगत नाहीत. नुसते खोकतात, आणि 'सूनबाईसाठी' म्हणतात." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "अजून थांबलेत... जोडू?"

तात्यांपुढे जाताना घ्यायची तसा उज्वलानं पदर डोक्यावर घेतला.

"जोडा," ती म्हणाली.